खुब्याचा सांधा बदलल्यावर तो निखळू नये म्हणून: गोव्यातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

खुब्याचं ऑपरेशन नीट होतं, टाके निघतात, माणूस वॉकर धरून ओसरीपर्यंत यायला लागतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमका हाच काळ जपण्याचा असतो. पहिल्यांदाच बदललेला खुबा निखळण्याचं प्रमाण एकूण पाहता कमी आहे, शंभरात साधारण एक ते तीन. पण जे सांधे निखळतात, त्यांतले निम्म्याहून जास्त पहिल्या तीन महिन्यांतच निखळतात. त्यासाठी मोठं पडावंही लागत नाही. बुटक्या कमोडवरून उठताना, जमिनीवरची चप्पल उचलताना, झोपेत कूस बदलताना, नाहीतर उभ्याउभ्या मागून कुणी हाक मारली म्हणून पाय रोवून वळताना गोळा वाटीतून बाहेर येतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी या भागांत रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. इस्पितळातून मिळालेला सूचनांचा कागद बहुतेक घरांत देवघराच्या फळीवर जपून ठेवलेला असतो. मात्र त्यातलं ‘९० अंशांपेक्षा जास्त वाकू नका’ हे वाक्य आपल्या घरात कुठे लागू पडतं, ते कुणी समजावलेलं नसतं. पाटावर बसणं म्हणजे किती अंश? आदोळीवर बसून नारळ खोवणं? माझं सांगणं एवढंच आहे: आपला सांधा कोणत्या दिशेने निखळू शकतो ते आधी समजून घ्या आणि त्या दिशेला नेणारी हरेक जागा घरातून शोधून काढा. रुग्ण घरी यायच्या आधी.

आत काय बसवलेलं असतं

मांडीच्या हाडाचं वरचं टोक गोल असतं आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतं. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवतात, दांडीवर धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा, आणि जुन्या वाटीच्या जागी धातूची वाटी. वाटीच्या आत बहुधा पॉलिथिलीनचं, म्हणजे एका प्रकारच्या टणक प्लास्टिकचं अस्तर असतं. खुबा मोडलेल्या वयस्कर माणसाचा काही वेळा फक्त गोळा बदलतात, वाटी मूळचीच ठेवतात. असा अर्धा बदललेला सांधाही निखळू शकतो, त्यामुळे पुढचं सगळं त्यांनाही लागू आहे.

निसर्गाने दिलेला गोळा ४५ ते ५० मिलिमीटरच्या आसपास असतो. बसवलेला गोळा बहुतेक वेळा २८, ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा. गोळा लहान, म्हणजे वाटीबाहेर पडायला त्याला कमी अंतर सरकावं लागतं. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी हे ऑपरेशन रुळवलं तेव्हा त्यांचा गोळा जेमतेम २२ मिलिमीटरचा होता. आजचे मोठे गोळे त्या मानाने खूप स्थिर आहेत.

सांध्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या गोष्टी तीन. वाटी आणि दांडी कोणत्या कोनात बसली आहे, हे पहिलं. ते सर्जनच्या हातात. दुसरी गोष्ट म्हणजे सांध्याभोवतीचं जाड वेष्टण. आत शिरण्यासाठी ते कापावंच लागतं आणि पुन्हा शिवलं तरी घट्ट व्हायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तीन महिने जपा असं सांगतात ते याचसाठी. तिसरी गोष्ट स्नायू, विशेषतः ढुंगणाच्या बाजूचे. दुखऱ्या खुब्याने वर्षानुवर्षं लंगडत चाललेल्या माणसाचे हे स्नायू ऑपरेशनच्या आधीच अशक्त झालेले असतात.

सांधा निखळताना बहुधा असं घडतं: पाय एका मर्यादेपलीकडे वाकला किंवा वळला की दांडीची मान वाटीच्या कडेवर टेकते. पाय अजून थोडा पुढे गेला की पहारीने दगड उचकटावा तसा गोळा वाटीतून उचकटला जातो.

पहिलं काम: इस्पितळ सोडण्याआधी विचारून घ्या

डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधं, गाडी या धांदलीत सर्जनशी बोलणं राहून जातं. म्हणून एक दिवस आधी राउंडच्या वेळी विचारा आणि उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या.

सांधा कुठून उघडला, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मागून उघडला असेल तर तो मागच्या बाजूला निखळण्याची भीती जास्त. तिकडे नेणाऱ्या हालचाली तीन आहेत: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, गुडघा शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेणं, आणि पायाचा पंजा आतल्या बाजूला वळवणं. तिन्ही एकदम घडल्या तर धोका सर्वाधिक. सांधा पुढून उघडला असेल तर भीती उलट दिशेची असते: पाय मागे लांब नेणं आणि त्याच वेळी पंजा बाहेर वळवणं. बाजूने उघडलेल्या सांध्यासाठी सर्जन ठरवतील त्या मर्यादा. शेजारच्या काकूंना मिळालेल्या सूचना तुमच्यासाठी बरोबर असतीलच असं नाही, ते यामुळे.

मग हे विचारा: पायावर किती वजन द्यायचं? बंधनं किती आठवडे? गोळा किती मिलिमीटरचा आहे? दुहेरी हालचालीची वाटी, म्हणजे ‘ड्युअल मोबिलिटी’ (ती कशी असते ते पुढे येईल), बसवली आहे का? इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतात. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या आणि मोबाइलमध्ये त्यांचा फोटो काढा. दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनने सांधा उघडला, तर आत कोणत्या कंपनीचा कोणता भाग आहे हे कळायला तो फोटोच उपयोगी पडतो.

आणि स्वतःविषयीचं काही लपवू नका. काही जणांचा धोका मुळातच जास्त असतो: खुबा मोडल्यामुळे सांधा बदललेले, दुसऱ्यांदा ऑपरेशन झालेले, पार्किन्सन, अर्धांगवायू किंवा स्मृतिभ्रंश असलेले, रोज दारू घेणारे. पाठीचा कणा आखडलेला असेल किंवा कण्यात स्क्रू घालून मणके जोडलेले असतील, तर ते जरूर सांगा. आपण बसतो तेव्हा कमरेचं हाड मागे कलतं आणि वाटीचं तोंड थोडं पुढे उघडतं, त्यामुळे वाकलेल्या मांडीला जागा मिळते. ताठ कण्याला हे जमत नाही, मग सगळा भार खुब्याच्या वाकण्यावर येतो. दारूचं बोलायला घरच्यांना अवघड वाटतं. तरी बोला. दारूमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून ज्यांचा सांधा बदलावा लागला, त्यांचं पिणं नंतरही सुरू राहिलं तर रात्रीचा तोल आणि सूचनांचं भान दोन्ही जातात.

अलीकडे काही सर्जन कमी धोक्याच्या रुग्णांना फारशी बंधनं घालत नाहीत, पुढून केलेल्या ऑपरेशनमध्ये तर विशेषच. तुमच्या सर्जनने मोकळीक दिली असेल तर त्यांचा शब्द या लेखाच्या वरचा. पुढे मी जे लिहिते आहे, ते मुख्यतः मागून उघडलेल्या सांध्यासाठी.

दुसरं काम: घर मोजा

एक मोजपट्टी घ्या. रुग्णाला ताठ उभं करून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची मोजा. रुग्ण ज्यावर ज्यावर बसणार, ते सगळं या मापापेक्षा दोनेक इंच उंच हवं. बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा खाली दिसला पाहिजे. एवढं एक माप हातात आलं की निम्मं काम झालं.

आता घरभर फिरा. बाल्कांवातला, म्हणजे दारापुढच्या ओसरीतला, सोपो (बांधीव बाक) बहुधा बुटका असतो आणि तिथेच माणसांना बसायची सवय. त्याच्या शेजारी हातांची, उंच, न हलणारी खुर्ची मांडा. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, उठताना ती मागे सरकते. सोफ्यात माणूस रुततो, त्यामुळे तीन महिने सोफा बंद. डुलती खुर्ची, आरामखुर्ची आणि झोपाळाही बंद.

संडासाकडे मी सर्वांत आधी बघते. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसणं म्हणजे खुबा पूर्ण वाकवणं, ते अजिबात नको. साधा कमोडही बहुतेकांना बुटका पडतो. त्यावर बसवायची चार-सहा इंचांची उंच सीट वैद्यकीय सामानाच्या दुकानात मिळते. ती नुसती ठेवायची नसून स्क्रूने आवळायची असते. जुन्या घरात संडास परसात असेल तर चार पायांची कमोड-खुर्ची भाड्याने आणा आणि रात्रीपुरती खाटेशेजारी ठेवा. भिंतीला पक्कं हँडल लावा. टॉवेलच्या दांडीचा आधार घेऊ नका, ती वजनाने निघून येते. पाण्याचा नळ, जेट स्प्रे किंवा तांब्या हाताशी, चांगल्या पायाच्या बाजूला हवा, म्हणजे मागे वळावं लागत नाही. आंघोळ उंच स्टुलावर बसून. पाय धुवायला आणि पुसायला लांब दांड्याचा ब्रश.

खाट उंच करायची तर पायांखाली खोबणीचे लाकडी ठोकळे बनवून घ्या. वीट किंवा चिरा ठेवला की खाट एक दिवस घसरते. जमिनीवरची गादी नको. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे मच्छरदाणी. अंथरुणात बसून पायथ्याशी मच्छरदाणी खोचायला रुग्ण पुढे वाकतो, लांब पोचतो आणि कमरेतून वळतो. हे काम घरच्यांनी करायचं. पायांशी पडलेली चादर ओढून घेण्याचंही तेच.

फरशीवरची पायपुसणी, चटया आणि वायर उचला. ऑपरेशन जूनच्या तोंडावर झालं असेल तर पायऱ्यांवरचं शेवाळ घासून काढा. चिऱ्याच्या पायऱ्या पावसात किती निसरड्या होतात हे आपल्याला सांगायला नको. दाराशी पाणी झिरपत असेल तर कोरडं पोतं टाकू नका, वॉकरचा पाय त्यात अडकतो. जागा पुसून कोरडी ठेवा. वीज जाते तेव्हासाठी उशाशी बॅटरी ठेवा. कुत्रं-मांजर पायात घोटाळत असेल तर काही आठवडे रुग्णाच्या खोलीबाहेर. पायात मागून पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल हवी. अंगठ्याची सैल स्लीपर धरून ठेवायला पाय आकसावा लागतो आणि चाल बिघडते.

तिसरं काम: हालचाली शिका

खुर्चीत बसताना मागे सरकत जा, खुर्ची पायांना लागली की ऑपरेशनचा पाय थोडा पुढे काढा, हात खुर्चीच्या हातांवर टेका आणि मग बसा. उठताना आधी खुर्चीच्या कडेला या, ऑपरेशनचा पाय पुढे, हातांनी रेटा. छाती गुडघ्यांकडे झुकवून झटक्यात उठायची आपल्या सर्वांना सवय असते, ती मोडायला वेळ लागतो. घरच्यांनी सुरुवातीचे दिवस शेजारी उभं राहून आठवण करावी.

वळताना लहान लहान पावलं टाकत अख्खं शरीर वळवा. पाय जमिनीत रोवून वरचं अंग वळवलं की खुबा आत फिरतो. डाव्या पायाचं ऑपरेशन असेल तर डावीकडे वळताना रोवलेला डावा पाय नकळत आत फिरलेला राहतो. उजव्या पायाचं असेल तर उजवीकडे. रुग्णाशी बोलायचं तर समोर येऊन बोला, मागून हाक मारू नका. ही सूचना रुग्णासाठी नाही, घरच्यांसाठी आहे.

झोपताना पाठीवर, दोन पायांमध्ये जाड उशी. कुशीवर झोपायची परवानगी मिळाली की चांगल्या कुशीवर, आणि उशी मांडीपासून घोट्यापर्यंत पुरेल इतकी लांब. गुडघ्यांमध्ये छोटी उशी ठेवली तर पंजा खाली लोंबतो आणि पाय आत वळतो, म्हणजे उशी असून उपयोग नाही. पायावर पाय टाकणं, घोट्यावर घोटा ठेवणं, दोन्ही बंद.

जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. काठी चांगल्या पायाच्या हातात. हे उलटं वाटतं आणि बरेच जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. पण वजन घेणाऱ्या स्नायूंना आराम दुसऱ्या बाजूच्या काठीने मिळतो.

गाडीत बसायचं तर पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ कलती करा, बसायच्या जागी घट्ट उशी ठेवा. आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली तर अंग सहज फिरतं. बसून झालं की ती काढा. स्कूटर आणि मोटरसायकल पायलट (भाड्याची मोटरसायकल) पहिले तीन महिने नको. कदंबच्या बसची पहिली पायरी उंच असते आणि आत गुडघ्यांना जागा कमी. स्वतः गाडी चालवायला बहुतेकांना सहा आठवड्यांच्या आसपास परवानगी मिळते, पण ती तपासणीनंतर. पती-पत्नी संबंधांबद्दल कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. साधारण सहा आठवड्यांनंतर, खुबा फार वाकणार किंवा आत वळणार नाही अशा स्थितीत हरकत नसते. सर्जनला सरळ विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

स्वयंपाकघर, देवघर, काजूची बाग

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण छापील सूचनापत्रांत हे सापडत नाही.

आदोळीवर किंवा विळीवर बसण्याची आपली रीत बघा. एक गुडघा उभा, दुसरा पाय दुमडलेला, अंग पुढे झुकलेलं आणि खोवताना कमरेला सतत पीळ. मागून उघडलेल्या सांध्यासाठी नको असलेलं जवळजवळ सगळं एकाच बैठकीत येतं. नारळ आईने खोवला तरच आमटीला चव येते असं वाटत असेल, तर ओट्यावर चिकटवायची किंवा टेबलाला आवळायची खोवणी आणा आणि आईला उंच स्टूल द्या. मासे साफ करणंही उभ्याने, ओट्यावर. फ्रिजच्या खालच्या कप्प्यातलं, ओट्याखालच्या डब्यांतलं सामान कंबरेच्या उंचीवर आणून ठेवा. सिलिंडरचा खटका खाली असतो, तो घरच्यांनी बंद करायचा. खाली पडलेलं उचलायला चिमट्याची लांब काठी मिळते. ती नसेल आणि वाकावंच लागलं तर ओट्याला धरून ऑपरेशनचा पाय मागे सरकवा आणि चांगल्या गुडघ्यातून वाका.

मांडी घालून बसता येईल का, हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जातो. मांडी घातली की पाय बाहेरच्या बाजूला वळतो. मागून उघडलेल्या सांध्यासाठी ही दिशा तितकी वाईट नाही. धोका आहे तो जमिनीवर बसण्या-उठण्यात, कारण उठताना माणूस पूर्ण वाकतो, एका गुडघ्यावर येतो, वळतो. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत नाही, आणि नंतरही सर्जनने तपासून हो म्हटलं तरच. बायका दोन्ही पाय एका बाजूला मुडपून बसतात ती बैठक मात्र वेगळी: तिच्यात एक खुबा आत वळतोच. ती बैठक कायमची सोडा. वज्रासनही तसंच सोडा, आणि योगवर्गात गेलात तर शिक्षकांना आधी सांगा.

चतुर्थीच्या दिवसांत नेमके सांधे दगा देतात, कारण घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि घरच्या मोठ्या माणसाला खुर्चीत बसून राहणं जिवावर येतं. पूजा सांगायला भटजी येतील, तेव्हा चौरंग टेबलावर मांडा किंवा पूजेला मुलाला बसवा. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना स्टुलावर चढणं नको. साष्टांग नमस्कार नको, उभ्याने हात जोडा. पंगतीत पाटावर बसायचा आग्रह झाला तर घरच्यांनीच आधी पुढे होऊन खुर्ची-टेबल मांडावं, रुग्णाला नाही म्हणायची पाळी येऊ देऊ नये. देवळात जायचं झालं तर मंगेशीला, शांतादुर्गेला पायऱ्या आणि गुळगुळीत फरशी दोन्ही असतात. गर्दीच्या दिवशी टाळा आणि पावसात ओल्या पायांनी तर जाऊच नका.

सत्तरी-काणकोणकडच्या बागायतदारांना खास सांगायचं आहे. काजूचा हंगाम मार्च ते मे. बोंडू (काजूची फळं) वेचणं म्हणजे उतारावर, पालापाचोळ्यात, दिवसभर वाकणं. ऑपरेशनची तारीख तुमच्या हातात असेल तर हंगाम संपवून, पावसाच्या आधी घेऊ नका, कारण बरं होण्याचे सगळे आठवडे चिखलात जातात. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमाराला घेतलं तर मार्चपर्यंत पाय बराच तयार होतो. तरीही पहिल्या हंगामात वेचायचं काम दुसऱ्यांकडून करून घ्या. कुळागरातल्या (माडा-पोफळीच्या बागेतल्या) पाण्याच्या पाटांवरून आणि ओल्या दगडांवरून चालणं त्याहूनही उशिरा.

चौथं काम: स्नायू

बंधनं पाळून सांधा तीन महिने वाचतो. पुढची वर्षं तो स्नायूंवर असतो. पहिल्या दिवसापासून घोटे वर-खाली करणं, मांडी आणि ढुंगण आवळून धरणं. मग टाच अंथरुणावर सरकवत गुडघा सांगितलं तेवढाच वाकवणं. त्यानंतर ओट्याला धरून उभं राहून पाय बाजूला उचलणं. हा शेवटचा व्यायाम सर्वांत मोलाचा. पंजा समोर ठेवा, अंग दुसऱ्या बाजूला कलू देऊ नका, पाय थोडाच उचला पण हळू खाली आणा. बाजूने उघडलेल्या ऑपरेशनमध्ये हाच स्नायू सोडवून पुन्हा शिवलेला असू शकतो, म्हणून त्या रुग्णांनी सर्जनच्या परवानगीनंतरच.

काठी कधी सोडायची, याची एक साधी परीक्षा आहे. ऑपरेशनच्या पायावर उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकत असेल, किंवा चालताना अंग हेलकावत असेल, तर अजून नाही. लोक काय म्हणतील म्हणून काठी टाकणारे बरेच भेटतात. त्यांना मी आरशासमोर चालायला लावते, मग सांगावं लागत नाही.

निखळायच्या आधीच्या खुणा

काही सांधे निखळण्यापूर्वी बजावतात. उठताना किंवा वळताना आत ‘टक्क’ होऊन पाय सुटल्यासारखा वाटणं, बुटक्या जागी बसल्यावर जांघेत कळ येणं, एखादी हालचाल करायची मनातून भीती बसणं. नुसता, न दुखणारा आवाज बऱ्याचदा स्नायूच्या दोरीचा असतो. पण आवाजाबरोबर पाय दगा देतोय असं वाटलं, तर कोणत्या हालचालीला ते झालं हे लिहून ठेवा आणि पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

निखळलाच तर

खूण स्पष्ट असते. अचानक तीव्र वेदना, पायावर भार घेता येत नाही, पाय आखूड दिसतो. मागे निखळला असेल तर गुडघा आणि पंजा आत वळलेला, पुढे निखळला असेल तर बाहेर. दांडीभोवतीचं हाड मोडलं तरी असंच दिसू शकतं, आणि फरक एक्स-रेशिवाय कळत नाही.

म्हणून ओढून बघू नका, चोळू नका, तेल लावू नका. हाडवैद्याकडे नेऊ नका: धातूच्या सांध्यात आंधळेपणाने ओढलं तर हाड मोडतं किंवा नस (मज्जातंतू) ताणली जाते. माणूस जिथे आहे तिथेच, ज्या स्थितीत कमी दुखतं त्या स्थितीत, उशा आणि चादरींच्या घड्यांनी पाय टेकवून ठेवा. १०८ ला फोन करा आणि सांगा की खुब्याचा बदललेला सांधा निखळल्यासारखा वाटतो, रुग्णाला स्ट्रेचरवरूनच न्यावं लागेल. रिक्षात किंवा गाडीत कोंबून बसवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, कारण भूल द्यावी लागेल. रोजच्या औषधाच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर चालतील का, ते १०८ च्या किंवा इस्पितळाच्या डॉक्टरांनाच विचारा.

वाट बघताना रुग्णाला पंजा वर-खाली हलवायला सांगा आणि पावलाला स्पर्श करून जाणीव आहे का ते बघा. पंजा वर उचलता येत नसेल, पाऊल बधिर, गार किंवा पांढुरकं पडलं असेल, तर मागची मोठी नस किंवा रक्तवाहिनी दाबली गेल्याची शक्यता असते. हे फोनवर सांगा, आणि इस्पितळात पोचल्याबरोबर पुन्हा सांगा.

कुठे न्यायचं हे आधीच ठरलेलं हवं. ज्या इस्पितळात ऑपरेशन झालं तिथे रात्री अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळतात का, हे डिस्चार्जच्या वेळी विचारा. मिळत नसतील तर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. दिवाडीसारख्या फेरीबोटीवर अवलंबून असलेल्या ठिकाणी पहिले काही आठवडे नातेवाइकांकडे पणजीला किंवा म्हापशाला राहायची सोय होत असेल तर जरूर करा.

सोबत न्यायची फाइल एकच: डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचे स्टिकर, शेवटचा एक्स-रे, चालू औषधांची यादी (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ठळक अक्षरांत), आधार कार्ड आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (आरोग्य विम्याचं) कार्ड. शेवटचं खाणं कधी झालं ती वेळही लिहा.

इस्पितळात आणि त्यानंतर

आधी एक्स-रे. हाड मोडलेलं नसेल तर झोपेचं औषध किंवा भूल देऊन सर्जन पाय ठरावीक दिशेने ओढतात आणि गोळा वाटीत बसवतात. बहुतेक वेळा चीर द्यावी लागत नाही. मग पुन्हा एक्स-रे आणि नसेची तपासणी. उशीर होईल तसे स्नायू आवळत जातात आणि बसवणं अवघड होतं, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

गोळा बसला की वेदना एकदम कमी होते आणि सगळे घरी निघतात. थांबा, आणि विचारा: निखळला कशामुळे? पट्टा लावायचा का, किती आठवडे? काही सर्जन कमरेचा पट्टा देतात, काही देत नाहीत. दोन्ही पद्धती चालतात. वाटीचा कोन बरोबर आहे का, त्यासाठी सीटी स्कॅन लागेल का? बाजूचा स्नायू जागेवर आहे का? जखमेतून पाणी, ताप किंवा रात्रीचं दुखणं असेल तर जंतुसंसर्ग नाही ना, याची रक्ततपासणी व्हायला हवी. नेमकी काय हालचाल झाली ते सांगा. ‘असंच झालं’ म्हणून सोडू नका, कारण त्या हालचालीवरून सांधा कोणत्या दिशेला कमजोर आहे ते कळतं.

एकदा निखळलेला सांधा पुन्हा निखळण्याची शक्यता साधारण तिघांत एकाची. उरलेल्यांचा जागेवर राहतो, आणि हे मी घाबरलेल्या घरांत पुन्हापुन्हा सांगते. सुरुवातीच्या आठवड्यांत चुकीच्या हालचालीने एकदा निखळला तर बंधनं नव्याने मोजून, व्यायाम वाढवून बघतात. पुन्हापुन्हा निखळत असेल तर मात्र नुसती काळजी पुरत नाही. वाटीचा कोन बदलणं, मोठा गोळा घालणं, दुहेरी हालचालीची वाटी किंवा गोळ्याला कडीत अडकवणारं अस्तर बसवणं हे उपाय आहेत. दुहेरी वाटीत लहान गोळा मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात फिरतो आणि तो मोठा गोळा धातूच्या वाटीत, त्यामुळे निसटायला बरंच अंतर लागतं. ही रचना १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये झील बुस्के यांनी आणली. कडीचं अस्तर शेवटचा पर्याय म्हणून ठेवतात, कारण त्यात हालचाल कमी होते आणि जोडावर ताण येतो.

रुग्ण या प्रसंगानंतर मनाने खचतो, हलायलाच घाबरतो. घरचेही ‘सांगितलं होतं ना’ म्हणतात. ते वाक्य गिळून टाका. घाबरून अंथरुणात पडून राहिलेल्याचे स्नायू आणखी गळतात आणि सांधा अधिकच सैल पडतो. दुसऱ्या दिवसापासून, सर्जनच्या परवानगीने, त्याला धरून उभं करा.

बऱ्याच वर्षांनी

दहा-पंधरा वर्षं उत्तम चाललेला सांधा अचानक निखळला तर कारण वेगळं असतं: प्लास्टिकचं अस्तर झिजलेलं, वाटी किंवा दांडी सैल झालेली, वयाने स्नायू गळालेले, उशिरा झालेला संसर्ग, किंवा मधल्या काळात झालेला अर्धांगवायू. अशा वेळी गोळा बसवून घरी पाठवलं तरी कारण शोधल्याशिवाय प्रकरण मिटवू नका. अस्तर झिजताना बराच काळ काही दुखत नाही, ते एक्स-रेत आधी दिसतं. म्हणून पाय ठणठणीत असला तरी सर्जनने दिलेल्या तारखांना एक्स-रे काढत राहा आणि प्रत्येक वेळी जुनी फिल्म सोबत न्या. नवा एक्स-रे एकटा बघून झीज ओळखणं कठीण जातं. जुना शेजारी धरला की गोळा वाटीत किती वर सरकला ते लगेच कळतं.